समजा, हा लिटर आहे

फिरत्या दवाखान्याच्या गाडीत माणसं दोनच, आणि दोघंही एकमेकांना न जुमानणारी. एक सिस्टर, वीस वर्षं नोकरी झालेली, जीभ फटकळ. दुसरे ड्रायव्हरमामा, ज्यांना ती गाडी पोटच्या लेकीपेक्षा प्यारी. गाडीत चढताना ते साहेबांनासुद्धा पाय झटकायला लावत. सीटवर औषधाचा एक थेंब सांडला तर मामा दिवसभर बोलत नसत, आणि सिस्टरला ते बरंच वाटायचं.

डॉक्टर एक आणि गाड्या तीन, त्यामुळे डॉक्टर फोनवरच भेटायचे. बाकी सगळा कारभार सिस्टरचा.

माळावरची शेवटची वस्ती त्यांच्या वाट्याला पंधरा दिवसांतून एकदा यायची. तीन वर्षं पावसाने पाठ फिरवली होती. विहिरीच्या तळाला चिखल आणि बेडूक तेवढे उरले होते. चार दिवसांआड टँकर यायचा, घरटी दोन हंडे. त्यात स्वयंपाक, पिणं, जनावरं आणि वर पाहुणा आला तर त्याचं तोंड धुणं. पाहुणे येईनासे झाले होते, हा एक फायदा.

त्या दिवशी गाडी वस्तीत शिरली तशी एक तरुण बाई आडवी आली. कडेवर दीड वर्षांची पोर. सगळे तिला चिमी म्हणत, कारण जन्मली तेव्हा चिमणीएवढी होती आणि तिचं वजन वाढवता वाढवता सिस्टरच्या नाकी नऊ आले होते.

"सिस्टर, परवापासून जुलाब होते. आता कमी आहेत," बाई म्हणाली. "पण पोर गप्पच राहत नाही. सारखी पाणी मागते. कितीही पाजा, तहान जातच नाही."

सिस्टरने चिमीच्या जिभेला बोट लावलं. जीभ कोरडी ठक्क. पोर रडत होती, पण डोळ्यांत टिपूस नव्हतं. नुसता हात लावला तरी दचकत होती.

"लघवी कधी केली शेवटची?"

"काल संध्याकाळी असेल."

"काल संध्याकाळी! आणि मी मागच्या वेळी दिलेली जुलाबावरची मीठ-साखरेची पाकिटं? ती काय पूजेला ठेवलीस?"

"नाही हो!" बाईला ते लागलं. "एकही चुकवलं नाही. तीन पाकिटं पाजली. तुम्ही दाखवलं अगदी तसंच."

"कसं कालवलंस? दाखव."

बाईने घरातून स्टीलचा छोटा पेला आणला. कडेच्या जरा खाली बोट ठेवलं. "इथवर पाणी. त्यात अख्खं पाकीट."

सिस्टरच्या तोंडचं पाणी पळालं.

लिटरभर पाण्यात घालायचं पाकीट त्या एवढ्याशा पेल्यात! औषध कसलं, खारावलेलं पाणीच झालं ते. पोर तहानेने ओरडत होती, आणि आई मायेने तिला आणखी मीठ पाजत होती.

"अगं, मी लिटर म्हणाले होते," हे वाक्य सिस्टरच्या ओठांवर आलं. ती तसं म्हणालीही होती. पण ओठांवरच ते थांबलं, कारण पंधरा दिवसांपूर्वीची दुपार तिला लख्ख आठवली. शाळेच्या व्हरांड्यात वस्तीतल्या सगळ्या बायका बसल्या होत्या. औषध कालवून दाखवायचं होतं. अशा उन्हाळ्यात निव्वळ शिकवण्यासाठी लिटरभर पाणी खर्चायला तिचा जीव धजला नव्हता. म्हणून तिने आपला चहाचा पेला उचलला, त्यात थोडं पाणी घेतलं, पाकीट फोडून सगळंच्या सगळं ओतलं आणि म्हणाली, "समजा, हा लिटर आहे." मग चमच्याने ढवळून दाखवलं. आपण पाणी वाचवलं, याचं तेव्हा तिला कौतुकही वाटलं होतं.

लोक तोंड ऐकत नाहीत, हात बघतात. वीस वर्षांच्या नोकरीत हे तिला कळायला हवं होतं. तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

चिमीची आजी दारात उभी होती. ती सरळपणे म्हणाली, "लिटरभर पाणी एकट्या पोरीला? आम्ही आपसांत म्हटलंच, सरकारी माणसं इतकी काही वेडी नसतील. पेलाच म्हणाल्या असतील."

सिस्टरच्या बाटलीत अर्ध्याहून कमी पाणी होतं. ते तिने आईच्या तांब्यात ओतून दिलं. "चमचा चमचा पाज. घाई नको, घटाघट तर मुळीच नको. मधूनमधून अंगावर पाज. आणि चल गाडीत. दवाखान्यात न्यायचंय, आत्ता."

मामांनी मागचं दार उघडलं आणि सवयीने म्हणाले, "पोरीखाली जाड फडकं घ्या बरं. सीट भिजता कामा नये."

"भिजली असती तर आणखी काय हवं होतं, मामा!" सिस्टर म्हणाली. मामांना काही कळलं नाही, पण तिचा चेहरा बघून त्यांनी गाडी सुरू केली.

वस्तीबाहेरच्या चढावर फोन लागला. सगळं ऐकून डॉक्टर म्हणाले, "ताबडतोब घेऊन या. नीट कालवलेलं असेल तर तेच थोडं थोडं द्या. मी खाट तयार ठेवतो."

"आणि बाकीची घरं? बत्तीस घरांत पाकिटं दिलीत मी. सगळ्यांना तसंच शिकवलंय."

"पुढच्या खेपेला गुपचूप गोळा करून आणा. आपण चुकीचं शिकवलं असं सांगत सुटू नका. दुधाने तोंड पोळलं की लोक ताकही फुंकून पितात. उद्या लस टोचून घेणार नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, सिस्टर."

"मूठ माझी आहे डॉक्टर, पण आत पोरं त्यांची आहेत," असं म्हणून तिने फोन बंद केला. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं!

खाली रस्त्याच्या कडेला टँकर येऊन उभा राहिला होता. अख्खी वस्ती रांगेत. दवाखान्याची पुढची खेप पंधरा दिवसांनी, आणि तोवर कुठल्याही घरात एखाद्या पोराला जुलाब लागले असते तर आईने मोठ्या विश्वासाने पेला काढला असता.

"मामा, थांबवा. दहा मिनिटं."

"मागं पोर आहे सिस्टर! दोन तासांचा रस्ता आहे."

"मला माहीत आहे. दहा मिनिटं."

ती उतरली, टँकरच्या पायरीवर चढली आणि पत्र्यावर हाताने दणादण वाजवलं.

"ऐका सगळ्या! मागच्या वेळी मी औषध कालवून दाखवलं, ते चुकीचं दाखवलं. चूक तुमची नाही, माझी आहे. त्या पेल्यातल्या औषधाने चिमी आजारी पडलीय. तिला दवाखान्यात नेतेय."

रांगेत कुजबुज सुटली. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे आता तुमचं काय ऐकायचं आणि काय नाही?"

"ऐकू नका," सिस्टर म्हणाली. "बघा. या खेपेला खरं करून दाखवते. पण मला पुरतं एक लिटर पाणी लागेल."

कुणीच हललं नाही. चार दिवसांनी आलेलं पाणी, ते कोण देणार? सिस्टरला रागही येईना. आपण मागतोय ते काय, हे तिला पुरतं कळत होतं.

मग हंडा आपटल्याचा आवाज झाला. चिमीची आजी रांगेत पहिली होती, आणि तिचा पहिला हंडा नुकताच भरला होता. "घ्या माझ्यातलं," ती म्हणाली. "आणि एक थेंब कमी घेऊ नका. कमी घेतल्यानेच हे झालंय."

सिस्टरने आपली रिकामी बाटली भरली, अगदी लिटरच्या खुणेपर्यंत. क्लोरीनचे थेंब टाकले. पाकीट फोडलं. या वेळी "समजा" नव्हतं. बाटली हलवून तिने ती रांगेतून फिरवली, एकेकीच्या हातात दिली. "एवढं पाणी. थेंब टाकल्यावर अर्धा तास थांबायचं, मग पाजायचं. याहून कमी पाणी असेल तर पाकीट फोडूच नका. उरलं तर घरातल्या मोठ्यांनी प्या, पण दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नका. कुणी पेल्यात कालवून पाजलंय का?"

तीन हात वर आले, एक बराच उशिरा. सिस्टरने तिन्ही पोरांच्या जिभा बघितल्या, तोच एक प्रश्न तीनदा विचारला. तिघंही सकाळी लघवी करून आली होती. त्यांतलं एक तर तिच्यासमोरच हंड्यावर चढत होतं.

बाटली परत तिच्या हातात आली तेव्हा चौदा मिनिटं झाली होती. मामांनी घड्याळाकडे बोट दाखवलं आणि गाडी सुसाट सोडली.

वाटेत अर्धा तास भरल्यावर बाटली उघडली. आई दमली होती, म्हणून सिस्टरने चिमीला आपल्या मांडीवर घेतलं. खड्डा आला की हात थांबायचा, खड्डा गेला की चमचा ओठांना लागायचा. पोर किरकिरायची, गिळायची, पुन्हा किरकिरायची.

"मामा, उद्या परत यायचंय. घरोघरी. रांगेत सगळ्या नव्हत्या."

"उद्या माझी सुट्टी आहे," मामा म्हणाले. "आणि सहा महिन्यांत घेतलेली पहिली."

सिस्टरला मागायला तोंडच नव्हतं. बस मिळाली तर बसने, नाहीतर पायी, पण यायचं, हे तिने ठरवून टाकलं.

डांबरी रस्ता लागला तेव्हा चिमी किरकिरायची थांबली. सिस्टरने पोरीच्या छातीवर हात ठेवला, श्वास चालू होता. आणि मग तिच्या मांडीवर काहीतरी कोमट पसरलं. साडीतून, फडक्यातून, खाली सीटवर.

ती एकदम हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. आई घाबरून उठली. "काय झालं? काय झालं सिस्टर?"

"मुतली! अगं, मुतली तुझी लेक!"

धोका टळला नव्हता. अजून सुई टोचायची होती, रक्त तपासायचं होतं, रात्र काढायची होती. पण पोरीचं शरीर कामाला लागलं होतं.

मामांनी आरशातून मागे बघितलं. "सीट भिजली?"

"चांगली भिजली, मामा."

मामांनी एका हाताने सीट पुसायचं फडकं ओढलं. ते मागे द्यायच्या आधी त्यांनी त्याच्याने आपले डोळे पुसले.

"सकाळी सहाला निघू," ते म्हणाले. "उशीर केलात तर तुम्हाला सोडून जाईन."