धुण्याच्या वेळेतली कादंबरी

उपसंपादक निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभात भरात येऊन बोलून बसले, "आता निवांत कादंबरी लिहीन." टाळ्या पडल्या. टाळ्या परत करता येत नाहीत.

घरच्यांनी हे भलतंच मनावर घेतलं. रोज नाश्ता झाला की बायको त्यांना मागच्या खोलीत बसवून दार ओढून घेई. टीव्ही मुका झाला, माणसं फोनवर कुजबुजू लागली. कपडे धुण्याचं मशीन तर बंदच. ते म्हातारं यंत्र धडधडत त्या खोलीची अख्खी भिंत हलवायचं.

या शांततेत उपसंपादकांनी काय लिहिलं? शीर्षक. मग तेही खोडलं. उरलेला वेळ ते पेन्सिलींना टोक काढत. जन्मभर साप्ताहिकाचे रकाने भरले, पण आपल्या आत स्वतःचं असं काही नव्हतंच की काय, या भीतीने ते पुढची पेन्सिल उचलत.

"अहो, कुठवर आलं?" बायको विचारी.

"नायक अजून घराबाहेर पडलेला नाही," ते म्हणत. हे अगदी खरं होतं.

इकडे धुण्याचा डोंगर झाला. एके सकाळी मुलगा नाश्त्याला कोट घालून बसला. आत शर्ट नव्हता. सूनबाईचा संयम सुटला.

"बाबा, माफ करा. आज शर्ट धुतले नाहीत तर यांची नोकरी जाईल आणि घरात दोन लेखक होतील."

मशीन सुरू झालं. टेबल थरथरलं, भिंतीवरचं कॅलेंडर डोलू लागलं आणि उपसंपादकांचा हात आपोआप कागदावर गेला. नायक घराबाहेर पडला, रस्ता ओलांडून नको त्या घराच्या दाराशी पोचलासुद्धा. तेवढ्यात मशीन थांबलं. नायक उंबऱ्यावर एक पाय उचलून तसाच उभा.

"बंद का केलंस?" ते दार उघडून ओरडले.

"धुऊन झालं, बाबा!"

तेव्हा त्यांना उमगलं. कचेरीत त्यांचं टेबल जन्मभर छपाईच्या यंत्राला लागून होतं. पलीकडे यंत्र धडधडलं की अलीकडे मजकूर उतरायचा. आत सगळं होतं. भिंतच हलत नव्हती. त्यांनी शीर्षकापासून पेन्सिलींपर्यंत सगळं कबूल केलं.

"म्हणजे आम्ही उगाचच कुजबुजत होतो?" बायको म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसली.

आता नियम पक्का आहे: नाश्ता, मशीन, लेखन. फक्त प्रेमाच्या प्रकरणाला धुणं कमी पडलं, तेव्हा उपसंपादक खिडकीचे पडदे काढून घेऊन आले.

"बाबा, हे कालच धुतलेत."

"असू दे गं. त्या दोघांचं जमेपर्यंत पुन्हा धू."