सारजाचा पान्हा

बिभीषणनं बटन दाबलं आणि सारजानं पान्हा चोरला.

चरवीत जेमतेम दोन बोटं दूध उतरलं होतं. राहीबाईच्या हातातले सड आत्ता-आत्तापर्यंत भरल्या कणसासारखे टच्च होते, ते बघता बघता आखडले. म्हशीनं कान टवकारले, पाठ ताठ केली आणि मागचा पाय चरवीच्या काठावर आपटला. कुंपणापलीकडून पुन्हा एकदा "हॅलो, हॅलो, चेक, चेक" आलं. त्याच्यामागून असा दणका आला, की गोठ्याच्या पत्र्यावरची धूळ राहीबाईच्या केसांत सांडली.

"वाजीव रं बाबा, वाजीव!" ती बसल्या जागी ओरडली. "छाताडावर आनून ठिव माझ्या, म्हंजी झालं!"

पण ते ऐकायला पलीकडं कान मोकळे होते कुणाचे?

म्हैस रेडकाला बघून पान्हा सोडते. सारजाचं रेडकू आठव्या दिवशीच गेलं. राहीबाईनं मग दुसरं काही केलं नाही, तीन दिवस तिच्याजवळ बसून राहिली. कोमट पाण्यानं कास शेकायची, पाठीवरनं हात फिरवायचा आणि आईनं जात्यावर गायलेल्या ओव्या सारजाचं नाव घालून हळू आवाजात म्हणायच्या. चौथ्या दिवशी सकाळी सारजानं मान वळवून तिचा खांदा हुंगला आणि धार सोडली. तेव्हापासून राहीबाईचा गळा हेच सारजाचं रेडकू. ओवी असेल तर दूध, ओवी नसेल तर काही नाही. आणि ओवी ऐकू जायला भोवताली जरा शांतता लागते, एवढंच काय ते राहीबाईचं देवाकडं आणि शेजाऱ्याकडं मागणं होतं.

शेजारी भावकीतलाच. बिभीषण नात्यानं पुतण्या. तिसगावहून चार किलोमीटरवरच्या या वस्तीवर दोघांची घरं बाभळीच्या एका कुंपणानं तोडलेली. तुळशीचं लग्न लागलं की त्याच्या डीजेला रोजची सुपारी. संध्याकाळी पाचला टेम्पो भरताना तो भोंगे तपासायचा आणि सकाळी परत आल्यावर कुठला फुटला ते बघायला पुन्हा लावायचा. दोन्ही वेळा धारेच्या.

आणि ते अंगण! राहीबाई रोज शेणाचा सडा घालायची, रांगोळीची दोन बोटं ओढायची आणि मान वर करायची, तर समोर ते दिसायचं. फुटक्या स्पीकरांची खोकी, कुजलेलं प्लायवूड, वायरींची गुंतवळ, डिझेलचे डबे. वाढदिवसांचे फाटके फ्लेक्स लोळत असायचे, त्यांवरचे गॉगल लावलेले भाऊ आणि दादा चिखलातून तिच्याकडं बघून हसायचे. जनरेटरखालचं काळं पाणी ओघळत कुंपणाखालून थेट तिच्या गोठ्याच्या तोंडाशी येऊन साचायचं. वारा सुटला की थर्माकोलचे दाणे तिच्या सड्यावर, तिच्या वैरणीत, वाळवणावर. एकदा तर भाकरीत सापडला. आसारामनं, तिच्या नवऱ्यानं, तो दाणा बोटानं काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि गुमान पुढचा घास मोडला. राहीबाईला राग आला तो दाण्याचा नव्हे, त्या घासाचा.

"अवो, तुमाला काहीच कसं वाटत न्हाई?"

"वाटतंय गं. पन शेजाऱ्याशी वैर धरून जायाचं कुठं? उद्या मयताला खांदा द्यायला तोच येनार."

"मेल्यावर येईल तो! जित्तेपनी काय करायचं ते सांगा."

ती कुंपणाशी गेली ती त्याच दिवशी. बिभीषण टेम्पोवर उभा राहून दोर आवळत होता.

"बिभीषणा, तासभर उशिरा लावत जा रं. म्हस पान्हा सोडंना."

"काकू, सहाला वरात हाय. तासभर उशिरा लावून नवरदेवाला काय पायी पाठवू?"

"मग शेतात नेऊन लाव. रस्त्यावर लाव."

"तिथं एवढं सामान कोन उतरवतंय?" तो हसला. "आवं, इंजेक्शन मिळतंय पान्ह्याचं. टोचलं की नळावानी दूध. कशाला गानी म्हनत बसता? जमाना कुठं गेला!"

"तुझ्या भोंग्यापायी माझ्या म्हशीला सुई टोचू व्हय रं? तुझ्या लेकीच्या तोंडात जातंय ते दूध, ध्यानात हाय का?"

ते खरंच होतं. बिभीषणच्या बायकोचा, मोनिकाचा, राहीबाईकडं शेराचा रतीब होता. मोनिका दारात उभी होती. तिनं डोळे खाली घातले आणि काखेतल्या पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. बिभीषण तोवर दोराची गाठ मारून टेम्पोत चढला होता.

चार दिवसांनी सारजाच्या एका सडातून दुधाबरोबर गाठी पडल्या. गुरांच्या डॉक्टरनं कास दाबून बघितली. उजव्या मागच्या अंगाला ती दगडासारखी लागली.

"दूध तटतंय आत," तो म्हणाला. "औषध देतो, पण औषधानं भागायचं नाही. दोन्ही वेळा कास पार मोकळी झाली पाहिजे. नाहीतर हा सड गेला म्हणून समजा. आणि एक गेला की बाकीचे मागं लागतात."

राहीबाई तशीच चप्पल घालून तंटामुक्तीच्या अध्यक्षाकडं गेली. त्यानं चहा पाजला, सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वहिनी, रात्री दहाच्या पुढं वाजवलं तर सांगा. दिवसा वाजवायला कायद्याची आडकाठी न्हाई." बाहेर पडताना ओटीवर लग्नपत्रिकांचा गठ्ठा दिसला. त्याच्याच लेकाच्या. बिभीषणनं कुंपणावरून आधीच ऐकवलं होतं, अध्यक्षाच्या घरची सुपारी आपलीच म्हणून.

परतीच्या वाटेवर तिच्या पायाखालची माती तापल्यासारखी झाली. रात्रीला कायदा हाय, आणि दिवसाला कोन वाली न्हाई? दिवसभर राबतं त्याला कान नसत्यात? मुक्या जितराबाला नसत्यात?

घरी आली तर आसाराम सारजाच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. तिच्याकडं न बघताच बोलला.

"येत्या बाजारी हिला इकून टाकू. सड गेल्यावर कोन गवळी घेईल? मग घेनारा एकच."

तो एकच म्हणजे खाटीक, हे दोघांनाही ठाऊक होतं. राहीबाईनं चरवी घेतली, कोमट पाण्याचा तांब्या घेतला आणि दावं सोडलं.

"अगं, कुठं निघालीस?"

"शेजारी. धार काढायला."

पाच वाजायला आले होते. बिभीषणची दोन माणसं भोंग्यांची पहिली उतरंड टेम्पोत चढवत होती, बाकीचे भोंगे अंगणात मांडलेले. राहीबाईनं फ्लेक्सवरच्या एका भाऊच्या गालावर पाय दिला, काळं पाणी ओलांडलं आणि सारजाला आणून टेम्पोच्या हुकाला बांधलं. भोंग्यांच्या रांगेपासून हातभर अंतरावर. म्हशीनं मान हलवली तशी शिंगाच्या टोकानं एका खोक्याची जाळी खरवडली.

"काकू! आवं काकू, हे काय?" बिभीषण धावत आला. "दीड लाखाचा सेट हाय!"

"मग लाव की. लाव तुझं हॅलो चेक." राहीबाई उकिडवी बसली. "माझ्या गोठ्यात ती नुसती लाथ मारती. हितं काय करती ते तूच बघ. तिनं शिंग घातलं तर माझ्याकडं येऊ नकोस."

बिभीषणनं म्हशीकडं बघितलं, भोंग्यांकडं बघितलं. बटनावर गेलेला हात त्यानं मागं घेतला.

"सोडा न्हवं तिला. सहाला वरात हाय माझी."

"हिची कास मोकळी झाली की सोडते. तवर कुनी आवाज करायचा न्हाई. जनरेटर पन बंद."

तो बंद केला त्यानं. इतक्या दिवसांनी त्या अंगणात चिमण्या ऐकू आल्या.

राहीबाईनं कास धुतली, सडांवर बोटं ठेवली आणि तोंड उघडलं. आवाजच येईना. पहिला शब्द रागानं खरवडल्यासारखा निघाला. सारजाचं अंग शहारलं. रागाचा आवाज तिला भोंग्याइतकाच परका. राहीबाईनं डोळे मिटले. गोठ्याबाहेर ती आजवर कधी गायली नव्हती, आसारामनंसुद्धा तिला भिंतीआडूनच ऐकलं होतं. इथं तर दोन परकी गडीमाणसं आणि कुंपणाला जमलेली अर्धी वस्ती. तिनं म्हशीच्या उबदार कुशीला कपाळ टेकवलं.

*सारजा माझी बाई, हिचं काळंभोर अंग*
*काळ्याच्या गं पोटी, कसा चांदण्याचा रंग*

सड सैलावले. पहिली धार चरवीच्या तळाला वाजली. दुसरी, तिसरी. ओवी सरली, पुढची आईची ओवी आठवायची, पण तिथं आईची ओवी नव्हतीच. तिथं महिनाभर साचलेलं उभं होतं. ते त्याच संथ चालीवर, त्याच गोड गळ्यानं बाहेर आलं.

*शेजाऱ्याच्या दारी, काळं पानी गं साचलं*
*डासांच्या गं घरी, रोज बारसं नाचलं*

कुंपणापाशी कुणीतरी फिस्सकन हसलं. बिभीषण पुढं आला. "काकू, हे बरुबर न्हाई. लोकांम्होरं—"

त्याचा आवाज चढला तशी धार तुटली. सारजानं पाय उचलला, खूर भोंग्याच्या खोक्यावर टेकला. राहीबाईनं एक बोट वर केलं. बिभीषण गप्प झाला. पाय खाली आला.

*लेक याची पिती, माझ्या सारजाची धार*
*बाप तिचा फोडी, माझ्या कानाचं गं दार*

मोनिकानं पदर तोंडाला लावला. हसली की काय केलं, ते पदराला ठाऊक. चरवीत आता फेस चढत होता. म्हशीला शब्द कळत नव्हते, तिला फक्त चाल कळत होती. माणसांना चालही कळत होती आणि शब्दही, आणि चाल इतकी मायाळू होती की मध्ये तोंड घालायला कुणाला जागाच सापडत नव्हती.

*गावाचा गं पंच, त्याच्या तोंडाला कुलूप*
*लेकाच्या वरातीचं, याच्या पोळीवर तूप*

"आगागा!" एक म्हातारा मांडी थोपटून ओरडायला गेला आणि सुनेनं त्याचं तोंड दाबलं. दूध थांबायला नको ना. बिभीषणचा चेहरा तांबडा झाला होता. खिशातला मोबाईल थरथरत होता, वरातवाले असणार. तो त्यानं बाहेर काढला नाही.

चांगले तीन सड झाले. राहीबाई दगडी अंगाकडं वळली. तिथं जोर करून चालत नाही, अंगठ्यानं हळूहळू ओढावं लागतं. आधी गाठी आल्या, पिवळट. त्या तिनं मातीत झटकल्या. मग जी ओवी आली, ती तिनं ठरवली नव्हती.

*सारजाचं रेडकू, गेलं मातीच्या गं घरी*
*हंबरली माय, कुनी ऐकंना शेजारी*

कुंपणाशी हसणं थांबलं. त्या सकाळी रेडकाला टोपल्यात घालून आसाराम ओढ्याकडं गेला होता, दावं तोडायला बघत सारजा हंबरत होती, आणि पलीकडं फुटका भोंगा कुठला ते हुडकायला बिभीषण एकेक करून सगळे लावत होता. तेव्हा राहीबाई काहीच बोलली नव्हती. म्हैस हंबरली म्हणून भांडायला जायचं, तर लोकांनी वेडी म्हटलं असतं.

बिभीषण टेम्पोच्या फाळक्यावर बसला. आपल्याच बुटांकडं बघत राहिला.

"काकू," तो हळूच बोलला, म्हैस बिचकू नये इतक्या हळू. "मला ठावं नव्हतं."

राहीबाईनं मान वळवली नाही. ठावं नव्हतं! हातभर कुंपणापलीकडं आठ दिवसांचं लेकरू मेलं, माय गळा फाटंस्तवर ओरडली, आणि याला ठावं नव्हतं. कसं असेल? ठावं व्हायला आधी ऐकावं लागतं.

दगडी सडातून पांढरी, सरळ धार लागली. ती बारीक होत होत तुटली. उजवं अंग अजून जड होतं, पण हाताला मऊ लागत होतं. बाकीची कास रिकाम्या पिशवीसारखी लोंबत होती.

"झालं का, काकू?" बिभीषणनं विचारलं. "जाऊ का आता?"

सूर्य बाभळींच्या मागं गेला होता. दोन्ही गडी हात बांधून उभे होते. राहीबाईनं बोटं दुधात बुडवून पुन्हा सडांना लावली. म्हशीचं झालं होतं.

"बस जरा," ती म्हणाली. "माझं न्हाई झालं अजून."

आणि तिनं कपाळ म्हशीच्या कुशीला टेकवून पुढची ओवी धरली.