गोगलगाईचं लहानपणीचं घर

ज्ञानेश्वरी मॅडमनी डबा टेबलावर पालथा केला आणि पाचवीची पोरं एकदम पुढं सरकली. शंख, कवड्या, शिंपले. तीस तरी असतील. रत्नागिरीकडं नऊ वर्षं नोकरी करून त्या यंदाच बदलीनं जळकोटला आल्या होत्या. मागच्या भिंतीला टेकून हणमंतराव सर बघत होते. वीस वर्षं त्यांनी एकाच शंखावर हा पाठ शिकवला होता. तो हातात घ्यायला पोरं भांडायची. यंदा कुणी मागितला नव्हता.

त्यात आज केंद्रप्रमुख पाठ पाहायला आले होते.

“ही समुद्रातली गोगलगाय,” मॅडम म्हणाल्या. “मोठी झाली की हिला घर पुरत नाही. मग हे सोडून ती दुसरं मोठं घर शोधते.”

हणमंतराव ताठ झाले. घर बदलतो तो शंखात राहणारा खेकडा. गोगलगाय नव्हे.

“न्हाई मॅडम,” आरती उभी राहिली. “ती घर सोडत न्हाई. हेच वाढवीत जाती. टोकाला तिचं लहानपणीचं घर असतंय.”

“मॅडमपेक्षा तुला जास्त कळतंय का?” केंद्रप्रमुख म्हणाले. “बस खाली.”

पोरं हसली. आरतीनं मागं वळून हणमंतरावांकडं पाहिलं. गेल्या वर्षी, चौथीत, त्यांनीच तिला आपल्या शंखाचं टोक बोटानं चाचपायला लावलं होतं. एक शब्द पुरे होता. पण तो उच्चारला असता तर चूक तिथंच सुधारली असती, आणि मॅडमची चूक त्यांना तशीच हवी होती. ते खिडकीबाहेर बघू लागले. आरती खाली बसली.

मधल्या सुट्टीत मॅडम शंख घेऊन त्यांच्याकडं आल्या.

“सर, आरती म्हणाली ते खरं आहे का?”

“खरंय की!” त्यांच्या आवाजात नको तेवढा उत्साह आला. “तुमची गल्लत झाली. तो खेकडा.”

मॅडम शंखाचं टोक निरखत राहिल्या.

“पण सर, तुम्ही तर मागंच उभे होतात ना?”

हणमंतरावांनी हजेरीपट ओढला आणि सकाळी भरलेली हजेरी परत तपासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला मॅडमनी आरतीला पुढं बोलावलं.

“काल मी चुकीचं शिकवलं. हिनं बरोबर सांगितलं होतं,” त्या सगळ्या शाळेसमोर म्हणाल्या आणि डब्यातला सगळ्यात मोठा शंख त्यांनी तिच्या हातात दिला. टाळ्या झाल्या. हणमंतरावही वाजवत होते, इतरांपेक्षा जोरात.

“तुला हे कुणी शिकवलं गं?” मॅडमनी विचारलं.

आरतीनं शंख पोटाशी धरला.

“कुणी न्हाई, मॅडम.”