हूं म्हणणारा कूलर

मी उरणजवळच्या एका कॉलेजातला पाण्याचा कूलर बोलतोय. पुढून थंड, मागून गरम. पुढचं सगळ्यांना माहीत असतं, मागं येऊन कोणी बघत नाही. म्हणून आज जरा मागचंही सांगतो.

जन्म कारखान्यातला. त्यातला फक्त पत्रा कापल्याचा आवाज आठवतो. पुढं कंटेनरच्या ट्रकांवर बऱ्यापैकी कमावलेल्या एका माजी विद्यार्थ्यानं मला वडिलांच्या स्मरणार्थ कॉलेजला दिलं. छातीवर त्या वडिलांचं नाव कोरलेलं. पोरं बाटली भरताना "काका, थंड द्या हां" म्हणायची. मीही मनावर घेतलं, देत राहिलो.

व्हरांड्यातला प्लग जळाला आणि मला वर्गात, शेवटच्या बाकामागं आणून ठेवलं. तिथं माझ्या खालचं रबर झिजलं. दीपेश मेकॅनिक आला, वाकून बघितलं न बघितलं आणि म्हणाला, "पानी थंड देल. आवाज करल थोडा, त्याला काय." तेव्हापासून मी चालू झालो की थांबून थांबून "हूं… हूं…" करतो. पाणी गार झालं की गप्प. चारचौघांत पोट वाजावं तसं वाटायचं मला.

त्या वर्गात मृणाली मॅडम साहित्य शिकवायच्या. विषय भलताच होता. एका लांबच्या देशाचं साहित्य, पण दोन्ही बाजूंनी. निम्म्या गोष्टी तिथल्या मूळच्या लोकांच्या, निम्म्या जहाजातून जाऊन तिथं घरं बांधलेल्या युरोपीयांच्या. युरोपीय गोष्टीत एक माणूस बर्फात अडकायचा आणि पानंच्या पानं विचार करायचा. बर्फातलं अनुभवानं बोलेल असा वर्गात मी एकटाच, पण मला कोण विचारतो? मूळच्या लोकांच्या गोष्टीत एक कोल्हा मेल्यावरसुद्धा बोलणं थांबवत नसे. तो पोरांना लगेच पटला. प्रत्येकाच्या घरी तसा एक काका होताच.

एकदा मॅडम म्हणाल्या, "या गोष्टी आधी तोंडी होत्या, पुस्तकात नंतर आल्या. सांगणारा सांगायचा. ऐकणारे काय करत असतील?"

मग प्राप्ती उठली. मिठागरवाल्या घरातली पोर, मोजकं बोलणारी. "आमच्याकडं ऐकणाऱ्याला हूं म्हणावं लागतं. नाही म्हटलं तर तो झोपला असं समजतात आणि गोष्ट थांबवतात."

तिची आजी कोकिळा गोष्ट सांगायची आणि आजोबा, चंदर, हूं म्हणायचे. उभा जन्म ते दोघांचं चाललं. आजोबा गेले आणि आजीनं गोष्ट सांगणं सोडलं. त्यातली खाडीच्या लग्नाची गोष्ट फक्त तिलाच येत होती. लहानपणी ऐकता ऐकता प्राप्तीला दरवेळी झोप लागायची, त्यामुळं शेवट तिनं ऐकलाच नव्हता. आता आजीला ऐकू कमी यायला लागलं होतं, मधूनच नावं विसरायची. "तो शेवट तिच्याबरोबर जाईल, मॅडम," प्राप्ती म्हणाली आणि खाली बसली.

मॅडमनी आजीला वर्गात बोलावलं. नेमकी त्याच दुपारी विद्यापीठाची समिती हा विषय ठेवायचा की काढायचा ते बघायला आली. प्रमुख दत्तात्रेय सर, युरोपीय गोष्टींचे मोठे जाणकार. त्यांनी टेबलावर रेकॉर्डर ठेवला आणि बजावलं, "पूर्ण शांतता हवी. कोणी हूं की चूं करायचं नाही."

मॅडम काही सांगायला गेल्या तर त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. सगळा वर्ग हाताची घडी घालून बसला.

आजी म्हणाली, "एक व्हती खाडी. तिला लगीन कराचं व्हतं." आणि थांबली. वर्ग गप्प. आजीनं सगळ्यांकडं बघितलं. "झोपली काय गो ही सगली? डोलं तं उघडं हायत."

तेवढ्यात मागच्या पोरानं बाटली भरली. माझ्यात कोमट पाणी उतरलं आणि मी सुरू झालो. "हूं."

आजी वळली. खुर्ची ओढत माझ्यासमोर आली, समितीकडं पाठ करून बसली आणि मला सांगू लागली. खाडीनं गावातली मुलगी मागितली. गाव म्हणाला, ये, पण लग्नात कोणाचे पाय भिजता कामा नयेत. "हूं." खाडी बिचारी सगळं पाणी पदरात धरून निघाली. "हूं." दत्तात्रेय सर रागानं उठले खरे, पण खाडी पदरात पाणी धरून कशी चालेल ते त्यांनाही ऐकायचं असावं. उभ्याउभ्याच थांबले.

मग माझं पाणी गार झालं आणि मी गप्प झालो. आजीही गप्प झाली.

प्राप्तीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती धावत आली, पेला भरून प्याली. मी परत सुरू. आता सगळी पोरं रांगेत. एकानं चलाखी करून पेला खिडकीबाहेर ओतला, तर आजी कडाडली, "पानी फेकाचं न्हाय. टँकरची वाट बगतो आमी. प्या."

मग काय, प्यायले. पोरं प्याली, मॅडम प्यायल्या, समिती प्याली. खाडीनं चिंबोऱ्या-खेकड्यांचं वऱ्हाड आणलं तोवर अर्धा वर्ग पाय आवळून बसला होता. दत्तात्रेय सर तर घामाघूम. ते हळूच दाराकडं सरकले. आजी न वळता म्हणाली, "अर्ध्यातून उठाचं न्हाय." सर जागच्या जागी एका पायावर उभे.

शेवट आला. मुलगी बांधावर बसलेली, खाडी बांधाला टेकलेली. "खाडी इचारते, आता येऊ?"

आणि लाइट गेली.

मी जीव एकवटला. दांडगा जोर लावला, पण आमच्यासारख्यांचा जीव भिंतीतल्या प्लगात असतो. माझ्यातून साधा श्वासही निघाला नाही. वर्गात पंखे थांबतानाची घरघर तेवढी. आजीनं माझ्या नळावर हात ठेवला.

"गेला काय रं तू पन?"

मला रडू आलं. नळ थोडा गळका होता, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

"हूं," कोणीतरी म्हणालं.

दाराशी, एका पायावर उभे असलेले दत्तात्रेय सर. आवाज अगदी बारीक. मग प्राप्ती म्हणाली, रडत रडत. मग मॅडम, मग सगळा वर्ग. आजी वळली नाही. माझ्यावरचा हातही काढला नाही.

"पोरगी बोलली, उद्या ये. खाडी भोली. आजून रोज येते, इचारते, परत जाते. पोरगी रोज बोलते, उद्या ये. सोपली गोष्ट."

सर त्यानंतर जे पळाले ते कुठं, हे सांगायला नको. विषय मात्र राहिला. आता मॅडम बर्फातल्या माणसाची गोष्ट वाचतात तेव्हाही पोरं हूं म्हणतात. तो पूर्वीपेक्षा लवकर सुटतो असं ऐकलंय.

मला तेव्हा नव्हतं ठाऊक, पण बंद पडलो तो कायमचाच. लाइट आली तेव्हा झटका बसून माझा कॉम्प्रेसर जळाला. नवा कूलर आला, निळ्या दिव्याचा, अजिबात आवाज न करणारा. मला भंगारात काढणार होते. आजीनं टेम्पो घेऊन प्राप्तीला पाठवलं आणि घरी नेलं.

आता मी तिच्या ओटीवर असतो. वायर काढलेली, पोटात सुकट आणि बोंबील. थंडाव्याचा धंदा संपला, वास तेवढा वाढला. तक्रार नाही. संध्याकाळी आजी माझ्यासमोर बसते, प्राप्ती शेजारी. प्राप्ती हूं म्हणते. पण पोर दिवसभराची दमलेली, बांधापर्यंत पोचता पोचता तिची मान कलते. मग आजी थांबते आणि माझ्याकडं बघते.

आत्ताही बघतेय. खाडीनं विचारून झालंय. मला काही म्हणता येत नाही.

मघापासून मीही तुम्हाला एवढं सांगतोय, पण तुमच्याकडून एकदाही काही ऐकू आलं नाही. झोपलात काय?