वहिनीचा कान, दिराचा दर

मी हेडफोन बोलतोय. माझ्या उजव्या गादीला निळं कापड शिवलंय ना, ते माझ्या पहिल्या मालकिणीच्या हातचं. घरात तिचा धाकटा दीर तिला वहिनी म्हणतो, म्हणून मीही वहिनीच म्हणतो.

वहिनीचं काम ऐकण्याचं. लांबच्या शहरातला एक निर्माता इंटरनेटवरून मुलाखतींची रेकॉर्डिंग पाठवायचा. त्यातली पंख्याची घरघर, खोकला, खुर्चीची करकर ती इतकी अलगद काढायची, की बोलणाऱ्याचा श्वासही दुखावू नये. स्वतःच्या घरात मात्र मिक्सर, टीव्ही आणि लेकीचं रडणं चालूच. स्वयंपाकघराच्या दाराआड टेबल टाकून ती बसायची.

"तेवढाच तिला विरंगुळा," सासूबाई शेजारणीला सांगायच्या. त्या विरंगुळ्याने वहिनीची पाठ धरायची.

दिराची नोकरी गेली, तेव्हा तिनेच त्याला शेजारी बसवून हे काम शिकवलं आणि निर्मात्याकडे शब्द टाकला. पहिलं काम मिळालं तसा तो उड्या मारतच आला.

"वहिनी, त्यांनी दर विचारला. मी अंदाजपंचे ठोकून दिला, तर लगेच हो म्हणाले!"

त्याने सांगितलेला दर वहिनीच्या दुप्पट होता. तिने मला पुन्हा कानांवर चढवलं. तिची कानशिलं तापलेली फक्त मला कळली.

दुसऱ्या दिवशी धीर करून तिने निर्मात्याला फोन लावला. "मलाही तेवढेच द्याल का?"

तो हसला. तसा माणूस वाईट नव्हता. "अहो, तो पुरुषमाणूस. उद्या संसार पडेल अंगावर. तुमचं घर सांभाळून चाललंय. आणि इतकी वर्षं तुम्ही तरी कुठे काही बोललात?"

बोलणार कशी? जास्त मागितलं तर हातचं जाईल, या भीतीने सुरुवातीला दर लिहून तिनेच तो खोडून कमी केला होता.

त्यानंतर तिची कामं आटली. तीच कामं दिराकडे येऊ लागली.

"मी नाही म्हणून सांगू का?" त्याने मान खाली घालून विचारलं.

"नको रे. कुणाच्या का हाताने, घरात तर येतंय." असं म्हणून तिने मला त्याच्या गळ्यात अडकवलं. "चांगला हेडफोन आता तुलाच लागेल."

आता मी दिराकडे असतो. काम अडलं की तो वहिनीला हाक मारतो. मागच्या आठवड्यात एका म्हातारीच्या मुलाखतीत तो असाच अडला. वहिनी ओले हात पुसत आली, उभ्याउभ्याच मला एका कानाला लावलं.

"हा हुंदका काढू नकोस. तिला जे सांगायचंय ते त्यातच आहे."

परवा निर्मात्याचा फोन आला, तो दिराने माझ्यातूनच ऐकला. "तो हुंदका ठेवलात, कमाल केलीत! असा कान लाखात एखाद्याला असतो."

दीर थबकला. मला वाटलं, आता सांगेल.

"थँक्यू, सर," तो म्हणाला.

वहिनी पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होती. "काय म्हणाले रे?"

"काही नाही. आवडलं म्हणे."

"बरं झालं," म्हणत तिने लेकीचा फ्रॉक उचलला.

तिच्या वाट्याचं ते वाक्य माझ्यातूनच गेलं, पण भलत्या कानात. तुमच्यापैकी कुणाला ती भेटली, तर तेवढं एक वाक्य तिला जसंच्या तसं सांगा.