वारं शिरलं नव्हतं

मी एक जुना निरोप्या आहे. मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही, आणि त्याचं मला काडीचं दुःख नाही. शास्त्रज्ञ मला एंझाइम म्हणतात. जावा बेटावरच्या लासेम गावात मुर्तिना नावाची बाई कापडावर मेणाने बाटिकची नक्षी काढते. तिच्या रक्तातल्या एका पांढऱ्या पेशीच्या दारामागे माझा मुक्काम. मी झिजलो की हुबेहूब माझ्यासारखा दुसरा घडवला जातो. म्हणून गेली अठ्ठावन्न वर्षं मीच इथे आहे असं समजा.

बाहेरचा निरोप दारावर थडकला की मी जोडीदाराला ढुशी देतो, तो मला ढुशी देतो. मग आम्ही आतल्या हरकाऱ्याला खूण देतो आणि तो पेशीच्या गाभ्यात जाऊन सैन्य उठवतो. मुर्तिनाच्या लहानपणी कांजिण्या आल्या, त्या आम्हीच हटवल्या. नाव मात्र झालं तिच्या आईच्या हळद-चिंचेच्या काढ्याचं. शास्त्रज्ञांनी मला दोन तोंडांच्या रोमन देवाचं नाव दिलंय. माझा एक भाग काम करतो, दुसरा त्याला आवरतो. माणसांना एकच तोंड, आणि तेही नको तिथे उघडतं.

पन्नाशीनंतर खोटे निरोप येऊ लागले, की बोटांच्या सांध्यांत शत्रू बसलाय. मी निरोप पोचवतो, तपासत बसत नाही. सैन्य सांध्यांवर तुटून पडलं. बोटं सुजली, मेणाची लेखणी हातातून गळू लागली. सून विविक गरोदर होती आणि येणाऱ्या बाळाला पाठीशी बांधायचं कापड अर्धंच राहिलं होतं. त्यावरच्या पक्ष्याला एकच पंख होता.

मग डॉक्टर हपसारी यांनी एक गोळी दिली. माझ्या ज्या खोबणीत ऊर्जेचा घास बसतो, तिथे ही फुकटी येऊन बसली. माझं तोंडच बंद. सूज उतरली, लेखणी पुन्हा चालू लागली, शेजारणींनी गोळीचे गोडवे गायले. डॉक्टरांनी बजावलं होतं की गोळीने सैन्य ढिलं पडतं, तेव्हा काही आजार वाटला तर लगेच कळवा. मुर्तिनाने मान डोलावली. मान डोलावण्यात या गावाचा हात कोणी धरणार नाही.

तीन महिन्यांनी तिच्या पाठीची उजवी बाजू जळू लागली. अंगात कणकण होती.

"काही नाही गं नदुक, माझ्या पोरी, वारं शिरलंय," ती सुनेला म्हणाली. "नाणं आण."

लासेममध्ये कणकण आली, अंग दुखलं की वारं शिरलं म्हणतात, आणि तो आजार नसतोच. विविकने पाठीला तेल लावलं आणि जुन्या नाण्याने खरवडून लाल पट्टे उठवले. मुर्तिनाला मोठा ढेकर आला. वारं निघालं, सगळे खूश. त्याच दुपारी दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला, काही आजार आहे का? ती म्हणाली, छे, ठणठणीत आहे. ती खोटं बोलत नव्हती, म्हणून तर मला जास्त चीड आली.

मित्रांनो, आत वारं नव्हतं. कांजिण्यांचा तोच जुना विषाणू मणक्याजवळच्या नसेत दडून बसला होता, तो उठला होता. निरोप माझ्या दारावर थडकत होता आणि मी मुका होतो. तिसऱ्या दिवशी पट्ट्यांवर पाण्याचे फोड आले. ती नागीण होती. विविकला वाटलं, नाण्यानेच पाठ भाजली. ती दिवसभर रडली.

"मी विचारलं होतं ना, काही आजार आहे का?" दवाखान्यात फोड बघून डॉक्टर म्हणाल्या.

"आजार कुठे, डॉक्टर? नुसतं वारं शिरलं होतं."

 डॉक्टरांनी हळूच कॉलर वर ओढली, कारण त्यांच्याही मानेवर नाण्याचे ताजे लाल पट्टे होते. एवढं शिकून ही तऱ्हा!

"बू, चूक माझी," मुर्तिनाला आईसारखी हाक मारत त्या म्हणाल्या. "मी शब्दच चुकीचा वापरला."

विषाणूवर औषध सुरू झालं, माझी गोळी काही दिवस बंद झाली. मी मोकळा झालो, सैन्य उठवलं. नागीण हटली, पण त्याच हाकेने बोटंही सुजली. त्याच आठवड्यात नात जन्मली. तिला बाजारच्या छापील कापडात बांधलं. मुर्तिना आपल्या बोटांकडे बघत बसली. सगळ्यांना हसणाऱ्या मला तेव्हा माझीच लाज वाटली. खरं-खोटं न पाहता हाका मारत सुटणारा मी कुठला शहाणा?

फोड वाळल्यावर गोळी पुन्हा सुरू झाली. आता दुसरा पंख रोज थोडा थोडा भरतोय. गोळी हातावर ठेवण्याआधी विविक रोज विचारते, "बू, वारं शिरलंय का?" पूर्वी मला या वाऱ्याचं हसू यायचं.

मित्रांनो, माझं तोंड खुशाल बंद करा. बोटांसाठी ते लागतंच. पण निरोप्याला मुका केलात, तर निरोप तुम्हीच सांगायला हवा. आणि साधं वारं शिरलं, तरी सांगा.