दस्त्याचं माप

ऑरिनसारखा हट्टी माणूस अख्ख्या मोंटानात शोधून सापडायचा नाही. मिसूलाच्या डॉक्टरांनी कॅन्सरच्या औषधाचा आणखी एक फेरा सुचवला होता, सोमवारपर्यंत कळवायचं होतं, आणि हा माझा नवरा हो म्हणेना की नाही म्हणेना. शनिवारी सकाळी मात्र म्हणाला, "चल मार्लिस, नवी रायफल घेऊ."

मला केवढं बरं वाटलं. रायफल घेणारा माणूस पुढचा हिवाळा धरून चालतो, नाही का?

दुकानदार ड्यूई त्याचा शाळेपासूनचा दोस्त. त्यानं न विचारताच पंचेचाळीस-सत्तर काडतुसाची, लिव्हर ओढून भरायची रायफल काढून ठेवली. ऑरिननं जन्मभर त्या जाड काडतुसाशिवाय दुसरं वापरलं नव्हतं. चव्वेचाळीस मॅग्नमची हलकी रायफल वापरणाऱ्यांना तो छळायचा, 'पिस्तुलाची गोळी घेऊन एल्क हरणासारखं धूड पाडायला निघालेत' म्हणून.

"चव्वेचाळीस दाखव," ऑरिन म्हणाला.

ड्यूई हसला. "काय रे, म्हातारपणी खांदा कुरकुरतोय वाटतं?"

"दाखव म्हटलं ना. मार्लिस, धर बघू."

"मी कशाला? आजवर तू मारतोस, मी शिजवते. चाललंय ते काय वाईट आहे?"

"धर गं."

मागच्या आवारात त्यानं मला दोन्हींतून गोळी झाडायला लावली. पंचेचाळीस-सत्तरनं असा दणका दिला की डोळ्यांत पाणी आलं. चव्वेचाळीस सोसवली.

"काळ्या अस्वलाला पुरेल?" ऑरिननं विचारलं.

"जड गोळी घेतलीस तर पुरेल. हरणाला तर सहज. पण तू लांबून मारणारा माणूस."

"घरामागच्या ओढ्यावर कसलं आलंय लांब?"

आजारानं त्याचे खांदे वाळले होते, म्हणून धक्का कमी असलेलं घेतोय, असं मला वाटलं. "खोड मोडली म्हणायची एकदाची," मी चिडवलंसुद्धा.

ड्यूईनं टेप काढली. "तुझे हात लांब. खांद्याला टेकतो त्या दस्त्याला मागून थोडं लाकूड जोडावं लागेल."

"जोडायचं नाही, कापायचंय," ऑरिन म्हणाला. "हिच्या हाताचं माप घे."

ड्यूई माझ्याकडे बघेचना. "वहिनी, कोपर वाकवा जरा," एवढंच म्हणाला.

मला राग आला, भयंकर राग. एका शब्दानं मला विचारलं नव्हतं यानं.

"कापलेला दस्ता पुन्हा लांब होत नाही, ऑरिन."

"नाही होत," तो म्हणाला. "तू उपाशी राहू नयेस, एवढंच."

मी कोपर वाकवला. ड्यूईनं माप घेतलं आणि लाकडावर पेन्सिलीची रेघ ओढली.

सोमवारी मिसूलाला फोन मीच केला. ऑरिन पुढच्या फेऱ्याला येत नाही म्हणून सांगितलं.